क्लाउडवरचा हजेरीपट



गिरणीच्या फाटकावर हजेरीपट असे. त्या पटावरून कामगाराचा पगार निघे आणि त्याच पटावर बोट ठेवून त्याला घरीही बसवीत. म्हणून युनियनचा पहिला हट्ट असे, की पट आम्हांला दाखवा.

आज आमचे सभासद ज्या कंपन्यांत आहेत, त्यांची यंत्रे कंपनीच्या आवारात नसतात. ती ‘क्लाउड’मध्ये भाड्याने घेतलेली असतात. हा क्लाउड आकाशात नाही. मुंबईत, आयर्लंडमध्ये, अमेरिकेतल्या व्हर्जिनियात उभ्या असलेल्या त्या इमारती आहेत. ॲमेझॉन कंपनी अशा प्रत्येक मुलखाला ‘रीजन’ म्हणते. तिचा मुंबईचा रीजन २०१६ साली उघडला, हैदराबादचा २०२२ साली. कोणी, कोणत्या पत्त्यावरून, किती वाजता, यंत्राला काय हुकूम सोडला, हे टिपणारी तिची वही म्हणजे २०१३ साली निघालेले ‘क्लाउडट्रेल’. आमच्या भाषेत हजेरीपटच.

आमच्याकडे रात्रपाळीचा एक मुलगा चार्जशीट घेऊन आला. कंपनीच्या खात्यावर ब्राझीलच्या रीजनमध्ये कोणी ढीगभर यंत्रे चालू केली होती आणि भाड्याचे बिल भडकले होते. कंपनीने मुंबईचा पट पुढे केला. त्या रात्री कामावर हाच एकटा, म्हणून करणाराही हाच! आम्ही विचारले, गुन्हा ब्राझीलचा, मग साक्ष मुंबईची कशी? ब्राझीलचा पट आणा. तो नव्हताच. कंपनीने नोंदी साठवण्याची व्यवस्था एका मुंबईपुरती केली होती. इतर रीजनमध्ये क्लाउडट्रेल आपणहून ९० दिवसांचा इतिहास दाखवते, आणि चार्जशीट निघाले चौथ्या महिन्यात. मुलाचा दोष सिद्ध झाला नाही, निर्दोषपणाही नाही. चौकशी लोंबकळली, त्याने कंटाळून दुसरी नोकरी धरली. ठपका मात्र फाइलीत तसाच आहे.

हे टाळणे अवघड नव्हते. पडद्यावरच्या फॉर्ममधून ‘ट्रेल’ उघडली, तर ती खात्यात चालू असलेल्या सर्व रीजनना लागू होते. हाताने आज्ञा टंकून उघडली आणि तसे स्पष्ट सांगितले नाही, तर एकाच रीजनपुरती राहते. सर्व रीजनची ट्रेल असली म्हणजे जगभरच्या नोंदी एकाच कोठारात, रीजन आणि तारखेप्रमाणे लावून येतात. शिवाय नवा वापरकर्ता निर्माण करणे, त्याला किल्ली देणे, या कामांची नोंद व्हर्जिनियात होते. नुसता मुंबईचा पट वाचणाऱ्याला किल्ली कोणाला दिली, हेसुद्धा कळत नाही.

घड्याळाचेही एक सांगावयाचे आहे. या नोंदींतली वेळ जागतिक, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपल्या रात्रीचे दोन म्हणजे पटावर आदल्या दिवशीचे साडेआठ. चार्जशीटवर तारीख कोणती घातली आहे, हे आमचे कार्यकर्ते आता आधी पाहतात.

पटात कोणी खाडाखोड केली तर? त्याचीही सोय आहे, पण ती चालू केलेली असली पाहिजे. दर तासाला नोंदींच्या फाइलींचे ठसे घेऊन एक गोषवारा बनतो, त्यावर सही होते, आणि त्यात मागच्या गोषवाऱ्याचा ठसा गुंफलेला असतो. मधली फाइल बदलली किंवा काढली, तर साखळी तुटलेली दिसते. गिरणीच्या पटाला असे काही नव्हते!

कोणी म्हणेल, युनियनवालेच पाळत मागू लागले काय? शंका रास्त आहे. पण ही वही मुळात यंत्रांच्या कारभाराची आहे. कोणती फाइल कोणी उघडली, हे वेगळे सांगितल्याशिवाय ती टिपत नाही. आणि ती मालकाच्या हाती आहेच. अर्धी वही त्याच्या हाती असण्यापेक्षा पुरी वही दोघांच्या डोळ्यांपुढे असलेली आम्हांला परवडते. कायदाही या बाजूला झुकला आहे. सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी आदेश काढला, की यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्यात. नव्वद दिवसांवर भागत नाही.

आम्ही करारात तीन कलमे मागतो: ट्रेल सर्व रीजनची असावी, ठशांची साखळी चालू असावी, आणि चार्जशीटबरोबर संबंधित नोंदींची प्रत कामगाराला मिळावी. दोन ठिकाणी हे मान्य झाले. तिसऱ्या ठिकाणी व्यवस्थापन खर्चाची सबब सांगते. कारभाराच्या नोंदींच्या पहिल्या प्रतीला ॲमेझॉन पैसे घेत नाही, पडते ते साठवणुकीचे भाडे. तो दरपत्रकाचा कागद आम्ही बरोबर ठेवला आहे. पुढची बोलणी येत्या महिन्यात आहेत.