क्षमेचे दार : जगातील धर्मांची क्षमापर्वे आणि आपली संवत्सरी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त ‘जगातील प्रमुख धर्म : श्रद्धा, प्रतीके, उपासना आणि सण’ या विषयावर मी काही बोलावे, अशी विश्वस्तांनी आज्ञा केली. विषय सागरासारखा आणि वेळ तासाभराचा. सागर काही घरी नेता येत नाही, ओंजळभर पाणी मात्र घेता येते. म्हणून या अफाट विषयातून मी एकच गोष्ट निवडली आहे, ती म्हणजे क्षमा. जगातील धर्मांनी क्षमा मागण्यासाठी वर्षातले काही दिवस राखून ठेवले आहेत. ते दिवस कोणते, त्यांमागील विचार काय आणि त्या आरशात आपली संवत्सरी कशी दिसते, एवढेच आज पाहू.

प्रारंभ आपल्या घरापासून करू. श्वेतांबर परंपरेत पर्युषणाचे आठ दिवस संवत्सरीने पूर्ण होतात. कोणी ती भाद्रपद शुद्ध चतुर्थीस करतात, कोणी पंचमीस. दिगंबर परंपरेत पंचमीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत दशलक्षण पर्व चालते आणि त्यानंतर क्षमावाणी येते. दहा लक्षणांतले पहिलेच लक्षण उत्तम क्षमा हे आहे. तिथींबद्दल आपल्यात मतभेद असतील. पण क्षमेवाचून पर्व पूर्ण होत नाही, याबद्दल मतभेद नाही.

संवत्सरीचा मुख्य विधी प्रतिक्रमणाचा. प्रतिक्रमण म्हणजे परत येणे. आत्मा आपल्या स्वभावाची सीमा ओलांडून राग-द्वेषाच्या मुलखात गेला, त्याने तिथून माघारी यायचे. ज्यू धर्मात पश्चात्तापाला ‘तशुवा’ म्हणतात. त्या हिब्रू शब्दाचा अर्थही परत येणे असाच आहे. इस्लाममधील ‘तौबा’ हा अरबी शब्दसुद्धा परतणे या अर्थाच्याच धातूपासून आला आहे. तीन वेगळ्या परंपरांना पापाविषयी बोलताना एकच प्रतिमा सुचावी, घर सोडून भरकटलेल्या माणसाने घरी परतण्याची, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

आता थोडे बाहेर डोकावू. पण फार दूर जायला नको, आपल्या रायगड जिल्ह्यातच जाऊ. अलिबाग, पेण, रेवदंडा या परिसरात शतकानुशतके राहिलेला बेने इस्रायल समाज मराठी बोलतो. या ज्यू बांधवांनी आपल्या सणांना मराठी नावे दिली. त्यांच्या नववर्षाचा तो ‘नव्याचा सण’ आणि प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, म्हणजे योम किप्पूरचा, ‘दारफळणीचा सण’. दारे बंद करण्याचा सण! या दिवशी सुमारे पंचवीस तासांचा उपवास असतो. अन्न नाही आणि पाणीही नाही. म्हणजे आपल्या चौविहार उपवासासारखाच. पांढरी वस्त्रे नेसण्याची प्रथा आहे. दिवसाच्या अखेरच्या प्रार्थनेला ‘नइला’ म्हणतात, त्याचा अर्थही दार बंद होणे असाच. जणू स्वर्गाची दारे मिटू लागली आहेत आणि आत शिरण्याची ही शेवटची संधी आहे. त्यानंतर मेंढ्याच्या शिंगाचा ‘शोफार’ फुंकतात आणि उपवास सुटतो. मुंबईत मशीद बंदर भागात या समाजाने १७९६ मध्ये स्थापन केलेले प्रार्थनागृह आहे. त्याच्या हिब्रू नावाचा अर्थ आहे दयेचे द्वार.

या सणामागील विचार मात्र फार कठोर आहे. इसवी सनाच्या २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथात असे सांगितले आहे की, माणसाने ईश्वराचा अपराध केला असेल तर प्रायश्चित्ताचा हा दिवस तो धुऊन टाकतो. परंतु माणसाने माणसाचा अपराध केला असेल, तर त्या माणसाची समजूत काढल्याशिवाय हा दिवससुद्धा काही करू शकत नाही. बाराव्या शतकातील थोर पंडित मैमोनिदेस यांनी याचे नियमच घालून दिले. एखाद्याचे पैसे बुडवले असतील तर ते परत करून भागत नाही, क्षमाही मागावी लागते. तो ऐकत नसेल तर तीन स्नेही सोबत घेऊन जावे. तरी ऐकला नाही तर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जावे. त्यानंतरही त्याने क्षमा नाकारली, तर दोष नाकारणाऱ्याकडे जातो. आणि तो माणूस मरण पावला असेल तर? तर दहा जणांना घेऊन त्याच्या कबरीपाशी जावे आणि आपला अपराध त्यांच्यासमक्ष उघडपणे सांगावा.

ख्रिस्ती धर्मात ईस्टरपूर्वी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. कॅथलिक परंपरेत त्याच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, कपाळावर राखेचा क्रूस रेखतात. देहाची अखेर राखच आहे, याची ती आठवण. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूंचा उपदेश असा आहे की, वेदीवर दान अर्पण करताना आपल्या भावाचे आपल्याविरुद्ध काही म्हणणे आहे हे आठवले, तर दान तिथेच ठेवून आधी भावाशी समेट करावा आणि मग येऊन ते अर्पण करावे. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये उपवासकाळ सुरू होण्याच्या आदल्या रविवारी ‘क्षमेचा रविवार’ पाळतात. त्या सायंकाळी धर्मगुरू स्वतः भाविकांपुढे वाकून क्षमा मागतो आणि मग सर्व जण एकमेकांपुढे वाकतात. केरळातील सीरियन ख्रिस्ती बांधवांमध्ये ‘शुबकोनो’ या नावाचा असाच विधी आहे. ही वर्णने वाचताना मला आपल्या उपाश्रयातील संवत्सरीची सायंकाळ आठवली.

इस्लाममध्ये रमजानचा महिनाभर पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत रोजा असतो. पण जो खोटे बोलणे सोडत नाही, त्याने अन्नपाणी सोडण्याची ईश्वराला गरज नाही, अशा आशयाचे पैगंबरांचे वचन सांगितले जाते. आणखी एक कथन आपणां व्यापारी मंडळींना चटकन उमगेल असे आहे. पैगंबरांनी अनुयायांना विचारले, दिवाळखोर कोण? ते म्हणाले, ज्याच्याजवळ पैसा नाही, माल नाही, तो. पैगंबर म्हणाले, नाही. खरा दिवाळखोर तो, जो अंतिम निवाड्याच्या दिवशी नमाज, रोजे आणि जकात यांचे पुण्य घेऊन येईल, परंतु ज्याने कोणाला शिवी दिली असेल, कोणाची निंदा केली असेल, कोणाचे धन खाल्ले असेल. त्याचे पुण्य त्या सर्वांना वाटून दिले जाईल आणि ते संपल्यावर त्यांची पापे याच्या खात्यावर पडतील. खतावणीची भाषा याहून स्पष्ट काय असू शकते?

बौद्ध परंपरा तर आपल्या अगदी जवळची. आपला चातुर्मास तसा त्यांचा तीन महिन्यांचा वर्षावास. त्याच्या अखेरीस ‘पवारणा’ होते. तिथे प्रत्येक भिक्खू संघाला विनंती करतो की, माझ्याकडून झालेला दोष कोणी पाहिला असेल, ऐकला असेल किंवा तशी शंका आली असेल, तर करुणा बाळगून मला सांगावा. म्हणजे केवळ ‘चुकलो असेन तर क्षमा करा’ इतकेच नाही, तर ‘कुठे चुकलो ते सांगा’ ही मागणी. आपले पारशी बांधव वर्षाच्या अखेरच्या दिवसाला पतेती म्हणतात. पतेत म्हणजे पश्चात्ताप. दुसऱ्या दिवशी नवरोज. मन धुतल्याशिवाय नवे वर्ष नाही. आणि आपल्या महाराष्ट्राने तर संक्रांतीच्या तिळगुळात आणि दसऱ्याच्या आपट्याच्या पानात हेच काम किती गोडव्याने साधले आहे!

मात्र सगळे धर्म एकच सांगतात, असे घाईने म्हणणे हे अनेकांतवादाला धरून नाही. अनेकांत भेद पुसत नाही, तो भेदाला त्याची योग्य जागा देतो. वर सांगितलेल्यांपैकी ज्यू, ख्रिस्ती आणि इस्लाम या धर्मांत अंतिम क्षमा करणारा ईश्वर आहे. आपल्याकडे तसा क्षमा करणारा कोणी नाही. तीर्थंकर वीतराग आहेत. ते रागावत नाहीत आणि प्रसन्नही होत नाहीत. कर्म मीच बांधले, ते मीच सोडवायचे. श्वेतांबर कर्मग्रंथांच्या परंपरेत कषायांची मुदतही सांगितली आहे. पंधरा दिवसांत शमणारा क्रोध सौम्य, चार महिने टिकणारा त्याहून तीव्र, वर्षभर टिकणारा आणखी तीव्र. आणि वर्ष उलटूनही जो शमत नाही तो अनंतानुबंधी, सम्यक्त्वालाच अडवणारा. पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक प्रतिक्रमणाचा या मुदतींशी असलेला मेळ आपल्या लक्षात आलाच असेल. संवत्सरी ही शेवटची मुदत आहे. कल्पसूत्रात साधूंना सांगितले आहे की, कलह झाला असेल तर लहानाने मोठ्याला खमवावे आणि मोठ्यानेही लहानाला खमवावे; जो शांत होतो तोच आराधक.

पर्युषणात उदयन राजाची कथा आपण ऐकतो. सिंधु-सौवीरच्या या राजाने उज्जयिनीच्या चंडप्रद्योताला युद्धात पकडले आणि त्याच्या कपाळावर ‘दासीपती’ अशी अपमानाची अक्षरे डागली. परतीच्या वाटेवर पावसाळ्यामुळे दशपूरला तळ पडला आणि पर्युषण आले. बंदिवान प्रद्योतानेही उपवास धरला. उदयनाच्या मनात आले, हा माझा साधर्मिक. याला बेड्यांत ठेवून माझे प्रतिक्रमण शुद्ध कसे होणार? त्याने बेड्या काढल्या, राज्य परत दिले आणि कपाळावरची ती अक्षरे झाकावीत म्हणून सोन्याचा पट्टा बांधला. क्षमा शब्दाने मागितली गेली, पण पूर्ण झाली ती कृतीने. आपणच डागलेली अक्षरे आपणच झाकायची असतात.

आता थोडे माझ्याविषयी. हे सांगणे सोपे नाही, परंतु या विषयावर बोलून ते लपवणे योग्य होणार नाही. घराच्या वाटणीवरून माझे आणि थोरल्या बंधूंचे बोलणे अकरा वर्षे बंद होते. दर संवत्सरीला आम्ही एकाच उपाश्रयात, तीन ओळींच्या अंतराने बसत असू. चौऱ्याऐंशी लक्ष जीवयोनींना खमवून उठलो की, दोघेही पायताण शोधण्यात मग्न! शेकडो लोकांना मी छापील क्षमापना पत्रे पाठवत होतो. त्या यादीत बंधूंचे नाव नव्हते.

माझ्या शाळेत बेने इस्रायल समाजाचे एक सहकारी होते. एकदा आपल्या सणाविषयी सांगताना त्यांनी सहज विचारले, “गुरुजी, तुमच्यातही क्षमा मागतात ना? मग तुम्ही कोणाच्या घरी जाता?” मला उत्तर देता आले नाही. त्या वर्षी पारण्याच्या सकाळी मी बंधूंच्या दारात उभा राहिलो. ठरवून गेलेले एकही वाक्य तोंडातून निघाले नाही, नुसते हात जोडले. दादा बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “पारणं झालं का?” मी म्हटले, “नाही.” ते म्हणाले, “मग इथंच कर.” वहिनींनी मुगाचे पाणी आणून ठेवले. वाटणीचा प्रश्न त्या दिवशी सुटला नाही. त्याला आणखी दोन वर्षे लागली. पण ती दोन वर्षे आम्ही भांडलोसुद्धा एकमेकांसमोर बसून. दादा आज हयात नाहीत. अकरा पारणी मी एकट्याने केली, ती मात्र परत येणार नाहीत.

जे घरात घडते ते समाजातही घडते. वाशीम जिल्ह्यातील शिरपूर येथील अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या मंदिराचा वाद आपल्याला ठाऊक आहे. कोणत्या परंपरेने केव्हा पूजा करावी याचे वेळापत्रक १९०५ मध्ये ठरले होते. तरीही वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, १९२९ मध्ये तिथला निर्णय झाला आणि तरीही शांतता झाली नाही. १९८१ पासून मंदिराला कुलूप लागले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये ते निघाले. कोणाची बाजू न्याय्य, हे ठरवण्याचे हे व्यासपीठ नव्हे. पण चार दशकांच्या त्या काळात दोन्ही परंपरांनी दरवर्षी क्षमापना केली, सर्व जीवांना खमवले आणि दार मात्र बंदच राहिले. ते उघडायला न्यायालयाची आज्ञा लागली, याचे शल्य आपणां सर्वांना वाटले पाहिजे.

म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षात माझी दोन नम्र निवेदने आहेत. पहिले प्रत्येक कुटुंबाला. येत्या संवत्सरीला किंवा क्षमावाणीला भ्रमणध्वनीवरून शेकडो संदेश अवश्य पाठवा. परंतु ज्याला संदेश पाठवताना बोट थबकते, त्या एका घरी स्वतः जा. दुसरे निवेदन ट्रस्टला. आपल्या परंपरेतील आणि परंपरांमधील तंटे न्यायालयात जाण्यापूर्वी ऐकून घेणारी, वडीलधाऱ्या मंडळींची एक क्षमापना समिती नेमावी. त्यात महिलाही असाव्यात, कारण तुटलेल्या घरांची झळ त्यांनीच अधिक सोसलेली असते.

पन्नास वर्षांत या ट्रस्टने जे उभे केले, त्याबद्दल मी विश्वस्तांचे, दात्यांचे आणि नाव न मागता राबलेल्या कार्यकर्त्यांचे मनःपूर्वक अभिनंदन करतो. वास्तू उभी राहिली की तिला दार लागतेच. ते कोणासाठी उघडायचे, एवढेच आपल्या हाती असते.

या भाषणात जिनाज्ञेविरुद्ध काही बोललो असेन, अन्य धर्मांविषयी बोलताना काही उणे-अधिक झाले असेल, किंवा येथे बसलेल्या कोणाचे मन माझ्याकडून पूर्वी कधी दुखावले असेल, तर मन, वचन आणि कायेने मिच्छामि दुक्कडं. आणि तशी कोणी व्यक्ती या सभागृहात असेल, तर तिने कार्यक्रम संपल्यावर जाऊ नये, एवढी विनंती. मीच तिच्याजवळ येतो.

जय जिनेंद्र!