सागरसफर : निवडीचा विवेक
(वार्षिक संमेलनातील भाषण)



समुद्र ओलांडणे हा एके काळी आपल्याकडे दोष मानला जाई, आणि परत येणाऱ्यास प्रायश्चित्त घ्यावे लागे. 1883 साली आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या, तेव्हा समाजात केवढे काहूर उठले हे आपण जाणताच. ज्ञातिसंस्था जेथे पूर्वी ‘जावे की न जावे’ याचा निवाडा करीत, तेथेच आज ‘कोणत्या जहाजाने जावे’ यावर बोलण्याची आज्ञा मला झाली, हा कालमहिमा होय.

विषय हौसेचा असला तरी हलका नाही. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या पुंजीचा मोठा भाग अशा एका सफरीत खर्ची पडतो, आणि पुष्कळांच्या आयुष्यात ही संधी एकदाच येते. फसगत होते ती बहुधा क्रमामुळे. जाहिरात आधी जहाज दाखवते, मग दर सांगते. स्थळांचा तपशील शेवटी येतो. सुज्ञाने हा क्रम उलटा धरावा : आधी स्थळ, मग ऋतू, मग जहाज, आणि शेवटी कंपनी व दर.

स्थळाविषयी पहिला प्रश्न असा, की जहाज नेमके कोठे लागते? पत्रिकेत ‘रोम’ छापलेले असते; जहाज लागते चिवितावेक्कियास, आणि तेथून रोम सुमारे 70 किलोमीटर. ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र, तर ‘बर्लिन’ म्हणजे बाल्टिक किनाऱ्यावरचे वार्नेमुंडे. व्हेनिसच्या मुख्य जलमार्गातून 25,000 टनांवरील जहाजांस ऑगस्ट 2021 पासून बंदी आहे. त्यामुळे ‘व्हेनिस’ म्हणून निघालेला प्रवासी रावेन्ना किंवा त्रिएस्ते येथेही उतरू शकतो. दिवसाचे निम्मे तास बसमध्ये जाणार असतील, तर शहरे पाहण्यास आगगाडी बरी.

जहाजाचे खरे सार्थक होते ते पाणी हीच जेथे वाट आणि पाणी हेच दर्शन असते तेथे. नॉर्वेचे फ्योर्ड तसे आहेत. अलास्कातील ग्लेशियर बे तर जहाजावरूनच पाहावयाचा. तेथे मोठ्या प्रवासी जहाजांना उतरण्याचा धक्काच नाही. दिवसाला अशा दोनच जहाजांना प्रवेश मिळतो, म्हणून आपल्या जहाजाच्या मार्गात त्याचे नाव आहे की नाही, हे आधी पाहावे. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांना हिमनद्या डेकवरील खुर्चीत बसून दिसतात. हे भाग्य दुसऱ्या कोणत्या वाहनात आहे?

ऋतूचा हिशेब सरळ आहे. अलास्काचा हंगाम मे ते सप्टेंबर. कॅरिबियन समुद्रात वादळांचे दिवस जून ते नोव्हेंबर. आणि आपला पश्चिम किनारा पावसाळ्यात कसा असतो हे सांगावयास नको. भारतीय पारपत्रधारकाने व्हिसाचाही विचार येथेच करावा. 1886 च्या एका अमेरिकन कायद्यामुळे सिअॅटलहून अलास्कास जाऊन परतणारी परदेशी नोंदणीची जहाजे वाटेत कॅनडाच्या बंदरास लागतात. म्हणून दोन्ही देशांचा व्हिसा लागतो. ग्रीसहून तुर्कस्तानास जाऊन पुन्हा ग्रीसला येणाऱ्यास एका प्रवेशाचा शेंगेन व्हिसा पुरत नाही.

आता जहाज. 2024 साली आलेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ सुमारे 2,48,000 टनांचे असून त्यात 7,600 पर्यंत प्रवासी मावतात. हा टनांचा आकडा वजनाचा नसून आतील जागेचा आहे. त्यास प्रवाशांच्या संख्येने भागावे. भागाकार जितका मोठा, तितकी जागा ऐसपैस. मुलाबाळांना असे तरंगते नगर आवडेल; निवांतपणा हवा असेल त्याने लहान जहाज पाहावे. बोट लागण्याची भीती असेल तर केबिन मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घ्यावी. लाखो रुपये भरण्यापूर्वी मुंबईहून निघणाऱ्या दोन-तीन दिवसांच्या सफरीत स्वतःची परीक्षा घेणे शहाणपणाचे.

कंपनीला दराआधी विचारावे, की दरात काय नाही? सेवकांचे दैनिक बक्षीस, किनाऱ्यावरील सहली आणि डॉक्टरचे बिल बहुधा वेगळे असते. शाकाहाराची सूचना आरक्षणाच्या वेळीच लेखी द्यावी. आजारी माणसाला जहाजावरून हलविण्याचा खर्च भागेल असा विमा उतरविल्यावाचून ज्येष्ठांनी पाऊल उचलू नये.

शेवटची गोष्ट सुरक्षिततेची. 17 जुलै 1947 रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. 2012 साली इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आपटून 32 जण मृत्युमुखी पडले; त्यानंतर नियम कडक झाले. निघण्याच्या वेळी सुरक्षिततेची जी माहिती व कवायत असते, ती कंटाळवाणी समजून टाळू नये.

आपले दर्यावर्दी नारळी पौर्णिमेला सागराची पूजा करून, वारा पाहूनच गलबत लोटत. ते भित्रे नव्हते. ते जाणते होते. तोच जाणतेपणा आपणही बाळगावा.