अर्जातील चौथा रकाना



नोकरीच्या अर्जात भाषांचे एक कोष्टक असते. वाचता येते, लिहिता येते, बोलता येते, असे तीन रकाने. आणि आपण तिन्हींत खुणा करून मोकळे होतो. या खुणांविषयीच आज आम्ही चार शब्द बोलणार आहोत.

आपल्या विक्रोळीचेच पाहा. टागोरनगरात, कन्नमवारनगरात शेजारच्या बिऱ्हाडातली गुजराती ऐकून ऐकून समजू लागते. पण तीच कागदावर समोर आली की आपण अडतो. उलट, वर्गात जर्मन शिकलेला तरुण पुस्तकाचे पान वाचतो, आणि जर्मन माणूस भरभर बोलू लागला की गोंधळतो. दोघांनीही ‘भाषा येते’ एवढेच लिहिले, तर वाचणाऱ्याने समजायचे काय?

युरोपच्या परिषदेने 2001 मध्ये भाषाज्ञानाच्या ए-1 पासून सी-2 पर्यंत सहा पायऱ्या प्रसिद्ध केल्या. त्या भाषेत माणसाला काय करता येते, यावर पायरी ठरते; आणि एकाच माणसाची ऐकण्याची पायरी एक, लिहिण्याची दुसरी असू शकते. नुसत्या प्रमाणपत्रानेही सारे कळत नाही. जपानी भाषेची 1984 पासून चालत आलेली प्रसिद्ध प्रावीण्य परीक्षा घ्या. तीत उमेदवाराला बोलावेच लागत नाही!

हा केवळ काथ्याकूट नव्हे. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. आपल्यातलीच एखादी मुलगी उद्या तिकडे परिचारिका होईल. रात्रपाळीला एखादे म्हातारे माणूस कण्हत कण्हत आपले दुखणे सांगेल, तेव्हा अर्जातली खूण तिच्या मदतीला येणार नाही. तिचे कानच येतील. आणि अर्जात कानांचा रकाना नाही!

म्हणून ‘अस्खलित’ हा शब्द आपण सोडून द्यावा. त्याऐवजी लिहावे: ‘जर्मन, बी-1, परीक्षा अमुक वर्षी, पत्रे वाचून समजतात, समोरासमोर साधे बोलता येते, दूरध्वनीवरचे बोलणे अजून नीट कळत नाही.’ असे लिहिल्याने एखादी नोकरी हुकेल, हे आम्ही नाकारीत नाही. पण परमुलखात जाऊन हुकण्यापेक्षा ते बरे.

नोकरी देणाऱ्यांनाही आमची विनंती आहे. स्वतःला ती भाषा येत नसेल, तर जाणकार माणूस बोलवावा, दहा मिनिटे कामाविषयीच बोलणे करवावे, एक पत्र वाचावयास द्यावे. आणि अर्जात चौथा रकाना आखावा: ‘ऐकून समजते’. तो आखला जाईपर्यंत उमेदवाराने तो स्वतःच्या हाताने आखावा, आणि खरा भरावा.