ॲडम्स, राजद्रोहाचा कायदा आणि मतदार

(शारदीय व्याख्यानमालेत गुंफलेल्या तिसऱ्या पुष्पाचा संपादित भाग)



अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स हे कायद्याची चाड असलेले गृहस्थ होते. बॉस्टनच्या जमावावर १७७० मध्ये गोळ्या झाडणाऱ्या इंग्रज सैनिकांचे वकीलपत्र त्यांनी लोकांचा रोष पत्करून घेतले. मॅसॅच्युसेट्सची १७८० ची राज्यघटना मुख्यतः त्यांच्या लेखणीतून उतरली आणि तीत वृत्तपत्रस्वातंत्र्याची हमी आहे. त्याच ॲडम्स यांनी १४ जुलै १७९८ रोजी राजद्रोहाच्या कायद्यावर सही केली.

तो काळ भीतीचा होता. फ्रेंच जहाजे अमेरिकेची व्यापारी जहाजे पकडत होती. पॅरिसला गेलेल्या वकिलातीकडे बोलणी सुरू करण्याआधीच लाच मागितली गेली. देश खवळला. ॲडम्स यांच्या फेडरलिस्ट पक्षाने त्या उन्हाळ्यात चार कायदे संमत करून घेतले. नागरिकत्वासाठी लागणारे वास्तव्य पाच वर्षांवरून चौदा वर्षांवर नेले. धोकादायक वाटणाऱ्या परकीयाला सुनावणीशिवाय हाकलण्याचा अधिकार अध्यक्षांना मिळाला. युद्धकाळात शत्रुराष्ट्राच्या नागरिकांना अटक करण्याची मुभा दिली गेली. चौथा कायदा राजद्रोहाचा. सरकार, काँग्रेस किंवा अध्यक्ष यांच्याविरुद्ध खोटे आणि द्वेषमूलक लिहिणाऱ्याला दोन हजार डॉलरपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद. या यादीत उपाध्यक्षांचे नाव नव्हते, कारण उपाध्यक्ष होते विरोधी पक्षाचे नेते थॉमस जेफरसन.

कायद्याचे समर्थक सांगत, आम्ही आरोपीला सत्य सिद्ध करण्याची संधी दिली आहे, निकाल ज्यूरी देणार आहे. इंग्लंडच्या तुलनेत ही सवलत मोठीच होती. कोर्टात तिचे काय झाले, ते पाहू.

मॅथ्यू लायन हे व्हरमाँटचे काँग्रेस सदस्य, जन्माने आयरिश. अध्यक्षांना थाटामाटाची आणि खुशामतीची हाव आहे, असे पत्र त्यांनी लिहिले. लिहिले तेव्हा कायदा झालाही नव्हता. छापून आले ते कायदा झाल्यावर. ऑक्टोबरमध्ये खटला उभा राहिला. लायन यांनी स्वतःच बाजू मांडली आणि न्यायमूर्ती पॅटरसन यांनाच विचारले, तुम्ही अध्यक्षांकडे जेवला आहात, तिथला थाटमाट पाहिला नाही का? न्यायमूर्ती म्हणाले, मला तर साधेपणाच दिसला. झाले, सत्याची परीक्षा एवढ्यावर आटोपली! मत हे मत असते. त्याला पुरावा कुठून आणणार? चार महिने कैद आणि एक हजार डॉलर दंड झाला. व्हर्जेन्सच्या तुरुंगातली त्यांची कोठडी सोळा फूट लांब, बारा फूट रुंद होती. एरवी तिथे घोडेचोर आणि खोटी नाणी पाडणारे ठेवत.

बोलण्याच्या आणि छापण्याच्या स्वातंत्र्याची घटनादुरुस्ती होऊन तेव्हा सात वर्षे झाली होती. पण पॅटरसन सर्वोच्च न्यायालयाचेच न्यायमूर्ती होते. घटना होती, न्यायालय होते, ज्यूरी होती; तिन्हींचा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो मतदारांचा. लायन तुरुंगात असतानाच व्हरमाँटच्या लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिले. पुढे १८०१ मध्ये अध्यक्षपदाचा निर्णय प्रतिनिधिगृहाकडे आला, तेव्हा छत्तिसाव्या फेरीत लायन यांच्या मताने व्हरमाँट जेफरसन यांच्या पारड्यात गेले. नव्या अध्यक्षांनी शिक्षा झालेल्यांना माफी दिली. राजद्रोहाच्या कायद्याची मुदत ३ मार्च १८०१ रोजी, ॲडम्स यांच्या कारकिर्दीच्या शेवटी, संपलेली होती.

ॲडम्स यांच्याबाबत न्यायाने बोलायचे तर, हद्दपारीचा अधिकार त्यांनी कोणावरही वापरला नाही. स्वपक्षाचा विरोध पत्करून १८०० मध्ये त्यांनी फ्रान्सशी तह घडवला आणि हरल्यावर शांतपणे सत्ता सोडली. तरी सहीची जबाबदारी त्यांचीच राहते.

आता मला जे मनापासून सांगायचे आहे ते सांगतो. त्या चार कायद्यांपैकी तीन लवकरच गेले. शत्रुराष्ट्राच्या नागरिकांविषयीचा कायदा मात्र आजही अमेरिकेत लागू आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानी, जर्मन आणि इटालियन नागरिकांना त्याखाली डांबले गेले. २०२५ मध्ये तो पुन्हा पुढे आला. राजद्रोहाच्या कायद्याचे चटके मतदारांना बसले, म्हणून त्यांनी तो करणाऱ्यांना घरी बसवले. परकीयांना मत नव्हते. मतपेटी आपले स्वातंत्र्य राखते, हे लायन यांच्या खटल्याने दाखवले. पण ज्यांच्या हाती मत नाही त्यांचे स्वातंत्र्य राखायचे, तर ते मत असणाऱ्यांनीच राखले पाहिजे.