फोन पोर्ट झाला, घड्याळाचं काय?

आजचा प्रश्न केमहून आलाय. केम म्हणजे करमाळा तालुक्यातलं, आपलं कुंकवाचं केम. तिथला एक श्रोता विचारतोय, "दादा, नंबर पोर्ट केला. फोन मस्त चालतोय. पण फोन घरी ठेवून कुंकवाच्या कारखान्यात गेलो की घड्याळ मुकं. आईची तब्येत नाजूक आहे, तिचा फोन लागायला हवा."

कारखान्यात फोन का नेत नाही, ते कळतंच. ती बारीक भुकटी स्पीकरच्या जाळीत बसली की निघत नाही. त्यामुळे इथे घड्याळ म्हणजे चैन नाही.

आता होतं काय? घड्याळातलं ई-सिम म्हणजे आत पक्की बसवलेली चिप. तिच्यावर कंपनीचं प्रोफाइल उतरवलेलं असतं. तुम्ही पोर्ट केलं, फोनमध्ये नवीन सिम आलं. घड्याळात मात्र जुन्याच कंपनीचं प्रोफाइल राहिलं. ते आपोआप बदलत नाही. आणि गंमत म्हणजे कळतही नाही, कारण फोन जवळ असला की घड्याळ ब्लूटूथवर चालतं. कॉल येतात, मेसेज येतात. मेलेलं सिम लपून राहतं आणि नेमकं गरजेच्या वेळी उघडं पडतं.

आपल्याकडे मे 2018 मध्ये ॲपल वॉच सिरीज 3 जिओ आणि एअरटेलवर आलं, तेव्हापासून पद्धत तीच आहे: घड्याळाला फोनचाच नंबर, म्हणून दोघांची कंपनीही एकच हवी.

तर आधी नव्या कंपनीला विचारा, तुमच्या प्लॅनवर घड्याळ चालतं का. सगळ्या प्लॅनवर चालत नाही. चालत असेल तर फोनमधल्या वॉच ॲपमधून (सॅमसंगवाल्यांनो, तुमचं वेअरेबल ॲप) जुना प्लॅन काढा आणि नवा जोडा. घड्याळाची स्क्रीन एवढीशी, म्हणून लॉगिन वगैरे सगळं फोनवर होतं. कंपनीचा सर्व्हर घड्याळाचा 32 आकडी ईआयडी ओळखतो आणि त्या चिपसाठी प्रोफाइल पाठवतो. तेवढा वेळ चांगलं वायफाय हवं, घड्याळ चार्ज हवं. रेंज ये-जा करत असेल तिथे बसून हा उद्योग करू नका.

नुसता फोन बदलला, कंपनी तीच, तर अनपेअर करताना प्लॅन ठेवायचा का असं विचारलं जातं. ठेवा. घड्याळ विकताय? मग काढा, आणि कंपनीलाही कळवा. घड्याळातून पुसल्याने बिल थांबत नाही.

अजून एक. फोनचं सिम बदललं की 24 तास एसएमएस बंद असतात, म्हणजे ओटीपी नाही. फी भरायच्या दिवशी सिम बदलू नका. आणि 1 जुलै 2024 पासून सिम बदलल्यावर सात दिवस पोर्टिंगचा कोडही मिळत नाही.

"ई-सिम अपडेट करून देतो, मेसेजला होकार द्या" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. तुमचा नंबर त्यांच्या फोनवर गेला की बँकेचे ओटीपीही तिकडेच जातात.

सगळं झालं की केमच्या मित्रा, फोन घरीच ठेव. वायफायच्या टप्प्याबाहेर, स्टेशनच्या दिशेने चालत जा आणि आईला सांग, आता मला फोन लाव.