चार भावांचा कारखाना



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा आम्ही त्यांना स्पष्ट सांगितले की, आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे झाले ते कामगारांच्या सभांत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा आमच्याकडून विद्वत्तेची अपेक्षा करू नये. विषय मात्र आम्ही आपल्या घरातलाच घेतला आहे. मुले हट्ट धरतात म्हणून आपण दुकानातल्या फ्रीजरमधून बटाट्याच्या गोठवलेल्या कापांची पिशवी आणतो. त्या पिशवीवर पुष्कळदा ‘मॅकेन’ असे लिहिलेले असते. हे एका घराण्याचे आडनाव आहे.

कॅनडाच्या पूर्वेकडे न्यू ब्रन्सविक नावाचा प्रांत आहे. तेथे सेंट जॉन नदीच्या काठी फ्लोरेन्सव्हिल हे लहानसे गाव आहे आणि सभोवार बटाट्याची शेते आहेत. मॅकेन बंधूंचे वडील बियाण्याचा बटाटा परदेशी धाडीत. त्यांच्या पश्चात 1957 साली चार भावांनी गोठवलेल्या कापांचा कारखाना काढला. अँड्र्यू आणि रॉबर्ट या थोरल्यांनी भांडवल घातले. हॅरिसन आणि वॉलेस या धाकट्यांनी कारभार हाती घेतला. पहिल्या वर्षी कामगार होते तीसेक आणि विक्री दीड लाख डॉलरांची. आज सुमारे 160 देशांत त्यांचा माल जातो, कामगारांची संख्या 20,000 च्या वर आहे आणि जगातल्या दर चार कापांपैकी एक आपली, असे कंपनी सांगते.

हे कसे घडले? या भावांची धडाडी मोठी होती, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. त्यांची रीत अशी की, परक्या देशात आधी आपला माल विकून गिऱ्हाईक तयार करायचे आणि मग तेथेच कारखाना उभारायचा. 1969 साली इंग्लंडात स्कारबरो येथे कारखाना निघाला. ऑस्ट्रेलिया, युरोप, अमेरिका अशी पावले पुढे पडत गेली. 1998 साली कंपनी हिंदुस्थानात आली आणि पुढे गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात तिचा कारखाना झाला.

परंतु धडाडीखेरीज आणखी काही लागते. पहिल्या कारखान्याच्या कर्जाला न्यू ब्रन्सविकच्या सरकारने हमी दिली होती. म्हणजे घराण्याच्या उडीखाली जाळे धरले होते ते करदात्यांनी! ही गोष्ट आम्ही दोष म्हणून सांगत नाही. हिशेबात ती राहून जाऊ नये, एवढेच आमचे म्हणणे.

आता कामाकडे पाहू. बटाटा धुतला जातो, वाफेने सोलला जातो, पाण्याच्या जोराने पात्यांतून ढकलून कापला जातो. मग तो गरम पाण्यातून काढतात, सुकवतात, अर्धवट तळतात आणि गोठवतात. त्यानंतर आपल्या कढईपर्यंत तो उणे 18 अंशांवर राहिला पाहिजे. ही साखळी कोठेही तुटली की माल वाया जातो. आणि साखळीच्या प्रत्येक कडीला कोणीतरी माणूस उभा असतो.

वीसेक वर्षांपूर्वी एका शीतगृहातील हमाल आमच्याकडे आले. ते शीतगृह या कंपनीचे नव्हते. कोणाचे होते याच्याशी आज आपल्याला कर्तव्य नाही. आत उणे 18 अंश, बाहेर वैशाखाचे ऊन, आणि दिवसभर आतबाहेर. आठ माणसांत गरम कोट तीन. एकाच्या घामाने ओला झालेला कोट दुसऱ्याने अंगात घालायचा. मालक म्हणाले, “माल गोठलाच पाहिजे, आमचा इलाज नाही.” आम्ही म्हणालो, “माल खुशाल गोठवा, माणूस गोठवू नका.” आठ महिने झगडल्यावर प्रत्येकाला कोट, हातमोजे आणि ठरावीक वेळाने बाहेर बसण्याची सवड मिळाली. पण तोवर एका हमालाची दोन बोटे बधिर झाली होती. ती बधिरच राहिली.

शेतकऱ्याचेही असेच. कापांना लांबट, कमी साखरेचा बटाटा लागतो. न्यू ब्रन्सविकमध्ये निपजलेली ‘शेपडी’ ही जात गुजरातेत लावली गेली. शेतकरी कंपनीशी करार करतो आणि भाव आधी ठरतो. बाजार कोसळला तर करार त्याला तारतो; पण बाजार चढला तर तोच त्याला बांधतो. शिवाय माल पसंत की नापसंत, हे ठरते घेणाऱ्याच्या फाटकात. एकट्या शेतकऱ्याने तेथे काय बोलावे? दहा गावांचे शेतकरी एकत्र आले, तर मात्र बोलता येते.

शेवटी त्या भावांकडे वळू. आपल्यामागे खुर्चीवर कोण, यावरून हॅरिसन आणि वॉलेस यांचे बिनसले. प्रकरण कोर्टात गेले. 1994 साली वॉलेस यांना कारभारातून काढले गेले. पुढच्याच वर्षी त्यांनी मेपल लीफ फूड्स ही दुसरी मोठी कंपनी ताब्यात घेतली. कोणाच्या साथीने? ऑन्टारिओ प्रांतातील शिक्षकांच्या पेन्शन फंडाच्या! म्हणजे बाहेर पडलेल्या मालकाला पुन्हा उभे राहताना मास्तरांच्या पगारातून साठलेली पुंजी उपयोगी पडली.

मंडळी, भाऊ वेगळे झाले, तरी पहिली कंपनी वाढतच राहिली. यावरून आम्ही एवढाच बोध घेतो की, कारखाना घराण्याच्या नावाने निघतो, पण तो चालतो पुष्कळांच्या हातांनी. खुर्चीच्या वारसाचा विचार घराणे करते, त्यासाठी कोर्टातही जाते. त्या हातांचा विचार त्या हातांनाच एकत्र येऊन करावा लागतो, आणि त्यात आपल्यासारख्या गिऱ्हाइकांनीही त्यांच्या बाजूने बोलले पाहिजे. पुढच्या वेळी ती थंड पिशवी हातात घेताना बोटांना गारठा जाणवेल. तेव्हा त्या हमालाची दोन बोटे आठवावीत, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.