रुमाल आणि गंगाळ

(मंडळाच्या वार्षिकोत्सवात केलेले भाषण)



ख्रिस्ती माणसाच्या रोजच्या आयुष्यातील निःस्वार्थ प्रीती, या विषयावर मी चार शब्द बोलावे अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. आपल्या मंडळात नाना धर्मांच्या भगिनी आहेत. तेव्हा उपदेश न करता आमच्या शुभवर्तमानातली एक हकीगत सांगते, आणि ती आपल्या उंबरठ्याच्या आत कशी येते ते पाहू.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात ती आली आहे. प्रभू येशूच्या मरणाच्या आदली रात्र. जेवताना तो उठला, अंगावरचे वस्त्र काढून ठेवले, कंबरेला रुमाल बांधला, गंगाळात पाणी घेतले आणि शिष्यांचे पाय धुऊ लागला. त्या देशात वाटा धुळीच्या. पाहुण्याचे पाय धुणे हे चाकराचे काम. पेत्र संकोचला, नको म्हणू लागला. ज्याने पुढे दगा दिला तो यहूदाही त्या वेळी तेथेच बसला होता. त्याला वगळलेले नाही.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तो रुमाल प्रभूच्या हाती कोणी कोंबला नव्हता. आपण कोण, हे पुरते जाणून त्याने तो आपण होऊन घेतला.

भगिनींनो, त्याग हा शब्द आपणा बायकांना काही नवा नाही. भाकरी कमी पडली तर ती कोणाच्या ताटातली, हे विचारावे लागत नाही! पण धाकाने घडलेला त्याग म्हणजे प्रीती नव्हे. घरी मार खाणाऱ्या बाईला 'हा तुझा क्रूस आहे, मुकाट्याने वाहा' असे सांगणारे भेटतात. मी स्पष्ट सांगते, ही ख्रिस्ताची शिकवण नाही. तिला दाराआड घेणे, तिच्याबरोबर चौकीपर्यंत चालत जाणे, ही प्रीती.

आपल्याच महाराष्ट्रातले उदाहरण घ्या. पंडिता रमाबाईंनी तरुणपणी दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गमावली होती. उपासमार काय असते हे त्यांना पुस्तकातून कळले नव्हते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रिया आपल्याकडे घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावी त्यांचे 'मुक्ती' उभे राहिले. आलेल्या मुली आजारी, उवांनी भरलेल्या, भेदरलेल्या. त्यांना न्हाऊ घालायचे, भरवायचे, रात्री उठून पाहायचे, हे सारे करावे लागले. पण रमाबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. शिवण, विणकाम, शेती, छापखाना अशी कामे त्या मुलींना शिकवली. अंधांना ब्रेलवाचन शिकवले. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर तेथल्या स्त्रियांच्याच हातांनी छापले गेले. घेणाऱ्याला जन्मभर ओशाळे ठेवते ती प्रीती कसली? तिने घेणाऱ्याला पायांवर उभे केले पाहिजे.

आता कोणी म्हणेल, रमाबाई थोर. आम्ही प्रपंचातल्या बायका. म्हणून आमच्या चाळीतली गोष्ट सांगते. एका घरी सासूबाई अर्धांगाने अंथरुणाला खिळल्या. सून एकटी सारे करी. अंथरूण बदलणे, भरवणे, रात्रीची जागरणे. येणारीजाणारी प्रत्येक बाई म्हणे, "हिच्यासारखी सून पाहिली नाही हो!" सहा महिने ही वाहवा चालली होती आणि ती पोर वाळत चालली होती. शेवटी शेजारची एक बाई, जिचे आणि या सुनेचे पाण्यावरून बोलणे बंद होते, ती एका रात्री उशी घेऊन दारात उभी राहिली. म्हणाली, "आज मी बसते, तू नीज." सून पेत्रासारखीच नको नको म्हणाली. मग निजली, ती उजाडेपर्यंत. पुढे आम्ही चौघींनी रात्री वाटून घेतल्या. सासूबाई आणखी पाच महिने जगल्या.

दुसरीच्या त्यागाचे कौतुक करणे फुकट असते. तिचा वाटा उचलायचा तर आपली झोप मोडते, हात घाण होतात, धरलेला अबोला सोडावा लागतो. आणि आपल्यावर पाळी आली म्हणजे मोकळ्या मनाने मदत घ्यावीही लागते. ते तर आपल्याला त्याहून अवघड!

म्हणून या वार्षिकोत्सवानिमित्त माझी एक विनंती आहे. चिटणीसबाईंनी एक वही ठेवावी. आठवड्यातून कोणती रात्र किंवा कोणती दुपार आपण देऊ शकतो, एवढेच ज्याने-तिने लिहावे. आपल्या गल्लीत आज निदान तीन घरी दुखणाईत माणसे आहेत आणि तिन्ही घरी एकेकटी बाई राबते आहे. पहिले नाव मी माझे घालते, रात्र बुधवारची.